‘देअर इज’ की ‘देअर आर’? मराठीतलं ‘आहे’ इंग्रजीत नेताना

प्रश्न असा आला आहे: “मी मराठी माध्यमात शिकलो, आता स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. एकवचन असेल तर ‘देअर इज’, अनेकवचन असेल तर ‘देअर आर’ हे मला पाठ आहे. तरी ‘खिशात पैसे आहेत’ याचं ‘देअर आर मनी इन माय पॉकेट’ केलं तर चूक, ‘गावात एक डॉक्टर आहेत’ याचं ‘देअर आर अ डॉक्टर’ केलं तरी चूक. शिवाय ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ ना? मग ‘इथे पाणी आहे’ या वाक्यात ‘देअर’ कुठून आलं?”

तुमचा नियम बरोबर आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा की वचन बघायचं ते इंग्रजी नामाचं, मराठी नामाचं नाही; आणि तेही ते नाम तोंडातून बाहेर पडण्याआधी. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘पिशवीत चार आंबे’ एवढं बोलून झालेलं असतं, त्यामुळे पुढचं ‘आहेत’ आपोआप जिभेवर येतं. इंग्रजीत आधी ‘इज’ किंवा ‘आर’ म्हणून टाकायचं आणि आंबे मागून यायचे. बोलणाऱ्याला पुढे येणारं नाम आधीच डोळ्यांसमोर धरावं लागतं. ही सवय मराठीने आपल्याला लावलेली नाही, कारण मराठीला तिची गरज नाही. तुमच्या दोन्ही चुका याच ठिकाणी झाल्या आहेत. तुम्ही नियम विसरला नाहीत. नियम मराठी वाक्याला लावलात.

आधी ‘देअर’चं बघू. ‘देअर म्हणजे तिथे’ हे एका ‘देअर’बद्दल खरं आहे. पण इंग्रजीत त्याच स्पेलिंगचे दोन शब्द आहेत, आणि ‘देअर इज अ वेल देअर’ या वाक्यात ते दोन्ही भेटतात. शेवटच्या ‘देअर’चा अर्थ ‘तिथे’, आणि त्यावर आवाजाचा जोर पडतो. पहिल्या ‘देअर’वर जोर पडत नाही, बोलताना तो जवळजवळ ‘दर’ इतका आखडतो. तो कुठल्याच जागेकडे बोट दाखवत नाही. इंग्रजी विधानात क्रियापदाच्या आधी कर्त्याची जागा असते आणि ती सहसा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून ती भरायला तो येतो. खरी वस्तू मागून येते. त्यामुळे ‘देअर इज वॉटर हिअर’ यात काहीच विसंगती नाही: पहिला शब्द जागा भरतो, शेवटचा शब्द ‘इथे’ सांगतो. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये अशा वाक्यांसाठी ‘अस्तित्ववाचक’ या अर्थाचं नाव वापरलं, आणि ते नेमकं आहे. या वाक्यांचं काम एखादी गोष्ट आहे हे सांगणं, म्हणजे ऐकणाऱ्यासमोर ती पहिल्यांदा आणून ठेवणं.

‘पहिल्यांदा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. व्याकरणाच्या गाइडांमध्ये इज-आरवर पानंच्या पानं असतात, पण ‘देअर’ मुळात घालायचं केव्हा याबद्दल जेमतेम एखादी ओळ. मला तो प्रश्न वचनापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर तुमच्या मराठीतच आहे.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. ‘टेबलावर पुस्तक आहे.’ ‘पुस्तक टेबलावर आहे.’ शब्द तेच, पण कोणताही मराठी माणूस या दोन वाक्यांत गोंधळत नाही. पहिल्यात टेबल माहीत आहे आणि पुस्तकाची बातमी नवी आहे. दुसऱ्यात पुस्तकाबद्दल आधीच बोलणं चाललंय, ते कुठे आहे एवढंच सांगितलं. इंग्रजीत पहिल्याचं होतं ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’ आणि दुसऱ्याचं ‘द बुक इज ऑन द टेबल’. मराठी जे काम शब्दांच्या क्रमाने करते, तेच इंग्रजी ‘देअर’ने आणि ‘अ’, ‘द’ या उपपदांनी करते. तसंच ‘दारात कुत्रा आहे’ म्हणजे कुठलासा कुत्रा, ‘देअर इज अ डॉग ॲट द डोअर’; ‘कुत्रा दारात आहे’ म्हणजे आपला ओळखीचा कुत्रा, ‘द डॉग इज ॲट द डोअर’.

बोलताना आपण क्रम उलटापालटा करतो, ‘आहे पुस्तक टेबलावर’ असंही म्हणतो. तेव्हा एक कसोटी वापरा. नामाआधी ‘एक’, ‘एखादा’ किंवा ‘काही’ घालून वाक्याचा अर्थ तसाच राहत असेल तर ‘देअर’ हवं. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ किंवा ‘आपला’ घालता येत असेल तर ‘देअर’ नको. म्हणून विशेषनामाचं ‘देअर’शी सहसा जमत नाही. ‘घरात आई आहे’ याचं ‘देअर इज मदर इन द हाउस’ करू नका. ‘मदर इज ॲट होम’ म्हणा. याला एक अपवाद आहे. कुणी विचारलं, ‘आता मदतीला कुणाला बोलवायचं?’ आणि आपण एकेक नाव सुचवू लागलो, तर ‘वेल, देअर इज युअर अंकल’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. तिथे काका नवा नसतो, पण यादीत त्याचं नाव नव्याने येतं.

आता वचन. तुमच्या पैशांपासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

मराठीत पैसे अनेकवचनी. ‘पैसे आहेत’, ‘पैसे संपले’. इंग्रजीतलं ‘मनी’ मोजता येत नाही, म्हणून एकवचनी: ‘देअर इज मनी इन माय पॉकेट’. केसांचंही तेच. ‘डोक्यावर केस आहेत’ पण ‘देअर इज हेअर’. (वरणात एक केस सापडला तर मात्र ‘देअर इज अ हेअर’, कारण तिथे एकच केस वेगळा काढून दाखवला.) ‘दागिने आहेत’, पण ‘देअर इज ज्वेलरी’. ‘पुरावे आहेत’, पण ‘देअर इज एव्हिडन्स’. ‘बातम्या आहेत’, पण ‘देअर इज न्यूज’. या ‘न्यूज’च्या शेवटी ‘ज’ ऐकू येतो म्हणून अनेक जण फसतात. सल्ले कितीही असोत, ‘ॲडव्हाइस’ एकवचनीच. सामान, फर्निचर, माहिती ही मराठीतही बहुधा एकवचनात येतात, त्यामुळे तिथे ‘देअर इज’ बरोबर येतं, पण पुढे ‘टू फर्निचर्स’, ‘मेनी लगेजेस’ असं काहीतरी घुसतं. मोजून सांगायचं असेल तर ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’, आणि मग ‘देअर आर टू पीसेस’, कारण आता मोजतोय ते ‘पीसेस’.

स्वयंपाकघरात आलात की हा विषय फार सुंदर उलगडतो. मराठीत तांदूळ अनेकवचनी, भात एकवचनी: ‘डब्यात तांदूळ आहेत’, ‘पातेल्यात भात आहे’. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच ‘राइस’ आणि दोन्हीकडे ‘देअर इज राइस’. गहू आहेत, पोहे आहेत. ‘देअर इज व्हीट’. पण वाटाणे आहेत म्हणजे ‘देअर आर पीज’, आणि हरभरे आहेत म्हणजे ‘देअर आर चिकपीज’. दाणा बारीक असला की इंग्रजी त्याला ढीग समजते आणि जरा मोठा झाला की एकेक मोजते, असं साधारण चित्र दिसतं, पण त्यावर नियम म्हणून विसंबू नका. ‘ओट्स’ बारीक असूनही अनेकवचनी आहेत. धान्यांच्या नावासोबत त्याचं वचनही लक्षात ठेवावं लागतं, जसं आपण मराठी शब्दाचं लिंग लक्षात ठेवतो. साखर ‘ती’ का आणि मीठ ‘ते’ का, याचं कारण आपण कुणाला विचारत नाही.

उलट्या दिशेनेही हेच घडतं. मराठीत ‘टेबलावर कात्री आहे’, वस्तू एकच. इंग्रजीत ‘सिझर्स’ नेहमी अनेकवचनी: ‘देअर आर सम सिझर्स ऑन द टेबल’. चष्मा, पँट, पक्कड या सगळ्यांचं असंच. दोन पात्यांची, दोन काचांची, दोन पायांची वस्तू इंग्रजीत जोडी मानली जाते. एकच वस्तू आहे हे दाखवायचं तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’ म्हणा, आणि ‘पेअर’ एक म्हणून ‘देअर इज अ पेअर’. जिना एक, पण ‘देअर आर स्टेअर्स’. आणि काही नामं अनेकवचनी असून त्यांना ‘स’ लागत नाही: ‘पीपल’, ‘चिल्ड्रन’, ‘कॅटल’, ‘पोलीस’. ‘देअर इज मेनी पीपल’ ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की परीक्षेला बसणाऱ्याने ‘पीपल’ दिसला की थबकावं असंच सांगतो. ‘देअर आर मेनी पीपल’.

तुमच्या दुसऱ्या वाक्यात अडचण निराळी आहे. ‘गावात एक डॉक्टर आहेत’ यातलं ‘आहेत’ संख्येचं नाही, मानाचं आहे. डॉक्टर एकच, आपण आदराने अनेकवचन वापरलं. ‘आमच्या शाळेत एक नवीन बाई आहेत’, ‘देवळात एक पुजारी आहेत’, ‘शेजारी एक आजोबा आहेत’. आदरार्थी बहुवचन मराठीत इतकं अंगवळणी पडलंय की तो अनेकवचनाचा वापर आहे हे बोलताना जाणवतही नाही. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. राष्ट्रपती असोत की गल्लीतला पोरगा, एक माणूस म्हणजे ‘इज’. ‘देअर इज अ डॉक्टर इन द व्हिलेज’ म्हटल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. आदर दाखवायचा तर तो शब्दांतून दाखवा, ‘अ रिस्पेक्टेड डॉक्टर’ म्हणा. शहाण्यासुरत्या, घरात वळण असलेल्या मुलांकडून ही चूक जास्त होते, आणि ती काळजीपूर्वक समजावून द्यावी लागते. नुसती लाल रेघ मारून ती जात नाही.

याच्या उलट, विदर्भात बोलताना ‘तिथे दोन गाड्या आहे’ असं सहज म्हटलं जातं. ती त्या बोलीची रीत आहे, तिला चूक म्हणण्याचं कारण नाही. पण तिकडच्या मुलांनी इंग्रजी लिहिताना स्वतःच्या ‘आहे’कडे न बघता गाड्यांकडे बघावं. सगळ्याच मराठी मुलांना आणखी एक गोष्ट नडते: मराठीत बैल, दगड, खांब, कागद या पुल्लिंगी नामांचं रूप अनेकवचनात बदलतच नाही. एक बैल, चार बैल. म्हणून ‘देअर आर फोर बुलक’ लिहिलं जातं. ‘आर’ बरोबर येतं आणि ‘स’ राहतो. ‘आर’ लिहिलात की पुढच्या नामावर बोट ठेवून त्याचं अनेकवचन झालंय का हे बघायची सवय लावा.

भूतकाळात अडचण वाढते, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी इथे जरा जास्त वेळ द्यावा. इंग्रजीत दोनच रूपं: ‘देअर वॉज’ आणि ‘देअर वेअर’. मराठीत लिंगही सांभाळावं लागतं, त्यामुळे रूपं जास्त, आणि त्यांतली दोन दुहेरी आहेत. छापील मराठीत ‘तिथे एक घर होते’ आणि ‘तिथे चार बैल होते’, दोन्हीकडे ‘होते’. पहिलं एकवचनी नपुंसकलिंग, म्हणून ‘देअर वॉज अ हाउस’. दुसरं अनेकवचनी पुल्लिंग, म्हणून ‘देअर वेअर फोर बुलक्स’. बोलताना आपण पहिल्याला ‘होतं’ म्हणतो, म्हणून फरक कळतो. प्रश्नपत्रिकेत तो बहुधा पुसला जातो. ‘होती’चंही तसंच: ‘एक नदी होती’ म्हणजे ‘वॉज’, ‘चार झाडे होती’ म्हणजे ‘वेअर’. ‘होता’ दिसलं तर निश्चिंत व्हा, ते नेहमी एकाचंच. ‘होत्या’ बहुधा अनेकींचं, पण ‘एक आजी होत्या’ या वाक्यात मान आहे, म्हणून ‘देअर वॉज ॲन ओल्ड लेडी’. थोडक्यात, भाषांतराच्या प्रश्नात क्रियापदावर बोट ठेवलंत तर ते तुम्हाला दगा देईल. नामावर ठेवा.

‘असतो, असते, असतात’ याचं काय, हेही ओघाने विचारलं जातं. ‘पावसाळ्यात इथे बेडूक असतात’ आणि ‘आत्ता इथे बेडूक आहेत’ हा फरक मराठीत क्रियापदात आहे. इंग्रजीत दोन्हींना ‘देअर आर फ्रॉग्ज हिअर’. नेहमीचेपणा सांगायला ‘इन द रेनी सीझन’ किंवा ‘युज्वली’ घाला. तिथे ‘देअर आर बीइंग’ असं काही बनवू नका.

एकाच वाक्यात दोन-तीन वस्तू आल्या की काय करायचं? मराठी आणि इंग्रजी इथे एकमेकींच्या समोर उभ्या राहतात. ‘पिशवीत दोन वह्या आणि एक पेन आहे’ म्हणताना आपलं क्रियापद जवळच्या पेनाचं ऐकतं, कारण पेन शेवटी आहे. इंग्रजीत क्रियापद आधी, म्हणून जवळचं नाम म्हणजे पहिलं: ‘देअर इज अ पेन अँड टू नोटबुक्स इन द बॅग’, आणि ‘देअर आर टू नोटबुक्स अँड अ पेन इन द बॅग’. काटेकोर व्याकरण सांगणारे पहिल्या वाक्यातही ‘आर’ मागतात, कारण एकूण वस्तू तीन. बोलीत आणि चांगल्या लेखनातही ‘इज अ पेन अँड…’ चालतं, आणि ‘देअर आर अ पेन’ कानाला खुपतंच. वाद टाळायचा असेल तर अनेकवचनी नाम आधी लिहा. मग दोन्ही पंथ खूश.

‘पेअर ऑफ’, ‘पीसेस ऑफ’ यांत ‘पेअर’, ‘पीसेस’ बघितलं, पण ‘अ लॉट ऑफ’सारख्या रचनांत ‘ऑफ’नंतरचं नाम बघायचं: ‘देअर इज अ लॉट ऑफ ट्रॅफिक’, ‘देअर आर अ लॉट ऑफ बसेस’. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’लाही ‘आर’. रकमेचं जरा वेगळं. ‘पाकिटात पाचशे रुपये आहेत’ यात पाचशे ही एक रक्कम म्हणून मनात असेल तर ‘देअर इज फाइव्ह हंड्रेड रुपीज’ स्वाभाविक वाटतं. नोटा मोजत असाल तर ‘देअर आर फाइव्ह नोट्स’. आणि एक मजेशीर जागा, जी परीक्षक मुद्दाम विचारतात: ‘एकापेक्षा जास्त मार्ग आहेत’. अर्थाने अनेक, तरी इंग्रजीत ‘देअर इज मोर दॅन वन वे’, कारण क्रियापदाने जवळचं ‘वन वे’ धरलं.

नकारात फार अवघड काही नाही. मोजता न येणाऱ्याला ‘देअर इज नो मिल्क’, मोजता येणाऱ्याला ‘देअर आर नो बसेस’. मराठीत ‘एकही बस नाही’ असं एकवचन येतं, त्याला ‘देअर इजन्ट अ सिंगल बस’ म्हणता येतं. ‘देअर इज नॉट नो मिल्क’ असा दुहेरी नकार नको. प्रश्नात क्रियापद पुढे न्यायला विसरू नका. मराठीत नुसतं ‘का’ जोडून भागतं, ‘इथे दवाखाना आहे का?’, म्हणून ‘देअर इज अ क्लिनिक हिअर?’ असं तोंडात येतं. ‘इज देअर अ क्लिनिक हिअर?’

ज्यांना हे सगळं येतं त्यांचीही एक चूक राहते: एका वाक्यात दोन क्रियापदं. ‘दारात एक माणूस उभा आहे’ याचं ‘देअर इज अ मॅन इज स्टँडिंग ॲट द डोअर’ होतं. ‘देअर इज’मध्ये क्रियापद होऊन गेलेलं आहे; पुढे ‘अ मॅन स्टँडिंग ॲट द डोअर’ एवढंच. ‘असे कितीतरी लोक आहेत ज्यांना हे माहीत नाही’ याचं ‘देअर आर मेनी पीपल डोन्ट नो धिस’ लिहू नका. मध्ये ‘हू’ हवा: ‘देअर आर मेनी पीपल हू डोन्ट नो धिस’. मराठीतला ‘ज्यांना’ तुम्ही गाळत नाही ना, मग इंग्रजीतला ‘हू’ही गाळू नका.

आणि प्रत्येक ‘आहे’ला ‘देअर’ लागत नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘आमच्या घराला तीन दारं आहेत’ हे ‘अवर हाउस हॅज थ्री डोअर्स’. नातं, मालकी, अवयव आणि भाग सांगायला ‘हॅव’. ‘आज खूप ऊन आहे’, ‘स्टेशन इथून दोन किलोमीटर आहे’ यांना ‘इट’: ‘इट इज व्हेरी सनी टुडे’, ‘इट इज टू किलोमीटर्स टू द स्टेशन’. अडचण असेल तर ‘देअर इज अ प्रॉब्लेम’, पण ज्या गोष्टीबद्दल बोलणं चाललंय तीच अडचण असेल तर ‘इट इज अ प्रॉब्लेम’. पुन्हा तोच नव्या-जुन्याचा फरक.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसांकडून तुम्ही ‘देअर्झ टू बसेस’ असं आखूड रूप अनेकवचनापुढे ऐकाल. ते सर्रास बोलतात, कारण ‘देअर आर’पेक्षा ते जिभेला सोपं पडतं, आणि नाम यायच्या आधी वचन ठरवण्याची दगदग त्यांनाही जाणवते, असं मला वाटतं. कानावर पडलं तर दचकू नका, पण उत्तरपत्रिकेत आणि अर्जात ‘देअर आर’च लिहा. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. ‘देअर इज’च्या जागी येणारं त्यांचं ‘एस गिप्ट’ एक असो की शंभर, बदलत नाही. फ्रेंचचं ‘इल या’ही तसंच. इंग्रजीने मात्र वचन धरून ठेवलं आहे.

शेवटी एक उतारा सोडवून दाखवतो. आधी स्वतः वहीत करून बघा, मग खालचं वाचा.

‘गावाबाहेर एक जुने देऊळ आहे. देवळासमोर पूर्वी दोन वड होते. आता एकच आहे. वडाभोवती पार आहे आणि संध्याकाळी पारावर म्हातारी माणसे बसलेली असतात. देवळात एक पुजारी आहेत. कोपऱ्यातल्या ताटात तांदूळ आणि थोडे पैसे असतात. ताट पितळी आहे.’

‘देअर इज ॲन ओल्ड टेम्पल आउटसाइड द व्हिलेज. देअर यूज्ड टू बी टू बॅनियन ट्रीज इन फ्रंट ऑफ इट. नाऊ देअर इज ओन्ली वन. देअर इज अ स्टोन प्लॅटफॉर्म अराउंड द ट्री, अँड इन द इव्हिनिंग देअर आर युज्वली ओल्ड पीपल सिटिंग ऑन इट. देअर इज अ प्रीस्ट इन द टेम्पल. देअर इज युज्वली सम राइस अँड अ लिटल मनी ऑन अ प्लेट इन द कॉर्नर. द प्लेट इज मेड ऑफ ब्रास.’

वडांपाशी ‘पूर्वी होते’ला मी ‘यूज्ड टू बी’ घातलं. ‘देअर वेअर’ही बरोबर आहे, पण ‘पूर्वी होते, आता नाहीत’ हा भाव ‘यूज्ड टू बी’ने येतो, आणि त्याचं रूप दोन्ही वचनांत तेच राहतं. पुजाऱ्यांचं ‘आहेत’ मानाचं, म्हणून ‘इज’. तांदूळ आणि पैसे दोन्ही मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत दोन्ही अगणनीय, म्हणून तिथेही ‘इज’. आणि शेवटच्या वाक्यात ‘देअर’ नाही, कारण ताट आधीच्या वाक्यात येऊन गेलं.